पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

सातवीला पूर्वी एक वजन होते. 'फायनल' झालेला माणूस गावात शिकलेला समजला जाई, त्याला मास्तरकीही मिळे. मी सातवी झालो १९९९ साली, म्हणजे ते वजन ओसरून बरीच वर्षे लोटल्यावर. तरीही ती इयत्ता माझ्यापुरती एका अर्थाने शेवटचीच ठरली. धुळ्याच्या ज्या निवासी शाळेत मी शिकलो तिथे अंध मुलांना सातवीपर्यंतच शिकता येई. पुढे डोळस मुलांच्या हायस्कुलात जायचे. मी जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल ओलांडून एस.टी.ने जायचा हा रस्ता काही फार लांबचा नव्हे. परंतु या रस्त्यात माझे हस्ताक्षर गेले, असे मला आज वाटते.

हस्ताक्षर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. ब्रेलमध्ये अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचे घर. डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा. स्लेटमध्ये जाड कागद अडकवून स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, मग कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचे. भारतीय भाषांसाठी १९५१ साली जी 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली तिच्यात ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार हे ठिपके, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. आकृती तीच, फक्त एक पायरी खाली उतरलेली. मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुष्कळदा लागत नाही. बोटाला तो लागतो. ळ चेही तसेच. आमच्या घरी अहिराणी. तिच्यात डोळ्याचा 'डोया' होतो. मला ळ प्रथम भेटला तो कानाने नव्हे, चार-पाच-सहा अशा उजव्या बाजूच्या उभ्या रेघेच्या रूपाने, बोटाखाली. प्रमाण मराठी मी अशी स्पर्शाने शिकलो.

सातवीच्या वार्षिक परीक्षेचा मराठीचा पेपर मी असाच टोचून लिहिला. आमचे गुरुजी स्वतः अंध होते. रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर ते पेपर तपासत; वीज गेली तरी त्यांचे काम थांबत नसे. कागदावरून फिरणाऱ्या बोटांची खसखस अडली की आम्ही समजायचे, कुणाची तरी वेलांटी अडली. जास्तीचा ठिपका ते नखाने दाबून सपाट करीत. लाल शाईपेक्षा ही दुरुस्ती मला अधिक सभ्य वाटते.

जळगावला लेखनिक आला. तो खालच्या इयत्तेतला असावा असा तेव्हा दंडक होता, म्हणून सातवीतला एक गुणी मुलगा माझ्याशेजारी बसे. मी सांगायचे, त्याने लिहायचे. छापील लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या अगोदर काढतात हे मला त्याच्याकडून कळले. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दाला "इथे पहिली, इथे दुसरी" असे बजावत असे. मग विचार तुटे, वेळ सरे. अखेर विचार ठेवला आणि वेलांट्या सोडून दिल्या. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा त्याच मुलाने मला शेरा वाचून दाखवला : 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. तो शेरा कुणाला उद्देशून होता?

पुढे महाविद्यालयात बहिणाबाई अभ्यासाला आल्या. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. वर्गात चर्चा चाले ती त्यांच्या निरक्षरतेच्या आश्चर्याची. मला मात्र टिपणारा हात दिसे. तिथेही ळ च्या जागी य ऐकू येतो. तो य तसाच राहू देणारा लेखनिक माझ्या दृष्टीने थोर आहे. सोपानदेव स्वतः कवी होते. आईची बोली सुधारून घेण्याचा मोह कवीला अधिक होतो, कमी नव्हे. मौखिक परंपरेविषयी आपली समीक्षा भरभरून बोलते, पण कागदावर पहिली वेलांटी द्यायची की दुसरी हे कुणी ठरवले, हा प्रश्न मला तिच्यात क्वचितच भेटला. वास्तविक मराठीला तो परका नसावा : ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव परंपरेने आवर्जून जपले आहे. सांगणारा आणि लिहिणारा असे दोघे आपल्या वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच उभे आहेत.

अर्थात, लेखनिक नसता तर मी दहावीच काय, आठवीही झालो नसतो, हे विसरता येत नाही. आता संगणक प्रत्येक अक्षर उच्चारून दाखवतो. हा लेख मी स्वतःच टंकलिखित केला आहे, आणि वेलांट्या ऐकून ऐकून तपासल्या आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानंतर परीक्षांचे नियमही पुष्कळ मोकळे झाले.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक म्हणून बसणारी मुलगी मला भेटायला आली होती. शेवटची दहा मिनिटे राखून ठेव आणि लिहिलेले तिला वाचून दाखव, एवढेच मी तिला सांगितले.

"वेलांट्यांसकट, सर?" तिने विचारले.

मी म्हटले, वेलांट्यांसकट.