रुळांवरचा ड्रॅगन

आमच्या घरात मतभेदांना तोटा कधीच नव्हता. चहात साखर किती, पंखा कितीवर आणि खरेदीला सीताबर्डीवर जायचे की गोकुळपेठेत, या प्रश्नांवर आम्हा चौघांचे चार पक्ष पूर्वापार आहेत. पण एका ड्रॅगनवरून घरात तट पडतील असे मला कुणी सहा-सात वर्षांपूर्वी सांगितले असते, तर नागपूरचे ऊन त्याला बाधले असे समजून मी त्याला कैरीचे पन्हे पाजले असते.

हा ड्रॅगन आमच्या घरी आला तो २०२१ च्या दिवाळीत. सौ.चे धाकटे बंधू सिंगापूरला असतात. येताना त्यांनी भाच्यासाठी निन्टेन्डो स्विच नावाचे यंत्र आणले आणि त्यात काही खेळ भरून दिले. चिरंजीव तेव्हा नववीत होते. अनारशाच्या डब्याकडे ढुंकूनही न पाहता ते त्या यंत्रापुढे बसले, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या पडद्यावर एक निळा पंखवाला प्राणी पाण्यावरून उडू लागला.

खेळाचे नाव 'पॅन्झर ड्रॅगून'. गोष्ट थोडक्यात अशी. एक शिकारी रानावनात भटकत असता जुन्या अवशेषांपाशी येतो. तिथे आकाशात दोन ड्रॅगन झुंजत आहेत. निळ्या ड्रॅगनवरचा स्वार गोळी लागून पडतो आणि मरता मरता आपली बंदूक व आपले अर्धे राहिलेले काम या परक्या माणसाच्या गळ्यात घालतो. काम काय, तर दुसऱ्या, काळ्या ड्रॅगनला एका मनोऱ्यापर्यंत पोचू द्यायचे नाही. झाले! शिकारी ड्रॅगनवर चढतो आणि निघतो. "तुला हे जमेल का?" असे त्याला कुणी विचारत नाही. "तुला हे करायचे आहे का?" असे तर मुळीच नाही.

मूळ खेळ तीस वर्षांपूर्वीचा. मार्च १९९५ मध्ये जपानात सेगा कंपनीच्या सॅटर्न यंत्रासाठी तो निघाला. युकिओ फुतात्सुगी हे त्याचे दिग्दर्शक. जपानी आवृत्तीच्या वेष्टनावरचे चित्र मोबियस या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच चित्रकाराने काढले होते. खेळातली पात्रे जी भाषा बोलतात तीही कर्त्यांनी स्वतःच रचलेली; तिच्यात प्राचीन ग्रीक, लॅटिन आणि रशियन यांची मिसळ आहे म्हणे. २०२० साली पोलंडमधल्या एका मंडळीने तो नव्या चित्रांसह पुन्हा बांधला, आणि आमच्याकडे आला तो हाच नवा अवतार.

आता वादाचे मूळ. या ड्रॅगनवर बसून आपल्याला कुठेही जाता येत नाही. म्हणजे ड्रॅगन जातो, जोरात जातो, पण तो जाणार ठरलेल्या वाटेनेच. स्वाराने थोडे इकडे-तिकडे सरकावे, मान वळवून चारी दिशांना पाहावे, शत्रू दिसला की नेम धरावा, बस्स. वाट कर्त्याने आखलेली. चाहत्यांच्या भाषेत अशा खेळाला 'रेल शूटर' म्हणतात. म्हणजे रुळांवरून जात गोळ्या झाडायच्या!

नव्या अवताराविषयी जगभरच्या परीक्षकांतही दोन तट पडले होते. काहींना तो देखणा आणि मुळाशी इमान राखणारा वाटला. काही म्हणाले, हाताळायला अवघड आणि तासाभरात संपणारा. आमच्या दिवाणखान्यात मात्र परीक्षणाची मूल्ये वेगळी होती. सौ.चे म्हणणे, सणासुदीच्या दिवशी घरात गोळीबार नको. पण पहिल्याच टप्प्यातले पाण्यात बुडालेले नगर पाहून त्या हातातली चकली तशीच धरून उभ्या राहिल्या आणि "संध्याकाळचा फुटाळा दिसतो की हो!" असे म्हणून गेल्या. चिरंजीवांचे मत चार दिवसांत बदलले. आरंभीचा उत्साह ओसरला आणि ते म्हणाले, "चित्रं जबरदस्त आहेत बाबा, पण हा ड्रॅगन कसला? ही तर मिरवणूक आहे. वळायचं म्हटलं तर वळता येत नाही."

मला तो खेळ आवडला. खरे सांगायचे तर चिरंजीवांना जे खुपत होते, नेमके तेच मला आवडले. पोर कुठे भरकटणार नाही, तासाभरात प्रवास संपेल आणि ते अभ्यासाला बसेल! घरच्या कर्त्या पुरुषाला याहून सोयीचा ड्रॅगन कुठला मिळणार?

पण खेळाला खरा भक्त लाभला तो आमच्या नानांच्या रूपाने.

नाना माझे वडील. आज बेऐंशीचे आहेत. सारी हयात रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गेली. नागपुरात नॅरोगेजला छोटी लाइनच म्हणत. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. नाना खलाशी म्हणून लागले, फायरमन झाले, मग ड्रायव्हर; आधी वाफेचे इंजिन आणि नंतर डिझेलचे. इतवारीहून उमरेड, भिवापूर, नागभीड. कधी सौंसर, रामाकोना करीत छिंदवाडा. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. दोन्हीकडे मोठे रूळ टाकायचे होते. ते व्हायलाच हवे होते हे नानाही मान्य करतात, पण नागभीडची शेवटची गाडी गेल्याचे वाचले त्या दिवशी ते दुपारी जेवले नव्हते.

"रुळावरचा खेळ" हा शब्द कानावर पडताच नानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

"काय म्हणतोस बे बाबू? रूळ ठरलेले म्हणून काय ड्रायव्हर झोपून राहते काय?"

आणि त्यांनी ते यंत्र हातात घेतले. बोटे थरथरतात, त्यामुळे नेम चुके. पहिल्या दिवशी ड्रॅगन दोन मिनिटांत कोसळला. पण आठवडाभरात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या खेळात शत्रू पाठीमागूनही येतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक चकती असते, तिच्यावर ठिपके उमटतात. नवखा खेळाडू तिकडे बघतच नाही, समोर बघत राहतो आणि मागून मार खातो. नाना मात्र न चुकता मागे वळून पाहत. विचारले तर म्हणाले, "वळणावर ड्रायव्हरनं मागं पाहायचंच असते. सगळे डबे येऊन राहिले की नाही? गार्डाची झेंडी दिसून राहिली की नाही? नुसतं समोर पाहणारा ड्रायव्हर अर्धीच गाडी घेऊन पोचते." दुसऱ्या टप्प्यातल्या वाळवंटापर्यंत ते त्या जोरावर पोचले. तिथे वाळूतून प्रचंड अळ्या उसळतात, त्यांना पाहून उमरेडच्या बाजूला रुळावर आलेल्या म्हशींच्या आठवणी निघाल्या.

शेजारच्या एका गृहस्थांनाही मत होतेच. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हापासून पडद्यावरचा प्रत्येक खेळ त्यांना बेकायदा वाटतो. यंदा, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, त्या दिवशी ते मुद्दाम घरी आले आणि नानांकडे बघून म्हणाले, "आता हे बंद करावे लागेल." कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, हा ड्रॅगन कुणाकडे दमडी मागत नाही, हे त्यांना समजावता समजावता माझे दोन कप चहा खर्ची पडले. ते मनातून आमच्या ड्रॅगनचा बडग्या करून पुढल्या मारबतीच्या मिरवणुकीत नाचवीत असतील!

इथवर सारे हसण्यावारी होते. गेल्या उन्हाळ्यात ते तसे राहिले नाही.

चिरंजीव बारावी झाले. अकरावीपासून त्यांना अभियांत्रिकीच्या शिकवणीला घातले होते. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी, रात्री सराव. वाट मी आखली होती आणि ती चांगली आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. गुणही बरे पडले. आणि जूनमधल्या एका रात्री चिरंजीवांनी माझ्यापुढे दुसराच एक अर्ज ठेवला. चित्रकलेच्या पदवीचा. त्यासाठी लागणारी प्रवेश परीक्षा त्यांनी देऊन टाकली होती. आईला ठाऊक होते. नानांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एका मला.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज शेजारच्या गृहस्थांपर्यंत गेला एवढे सांगितले म्हणजे पुरे. बोलता बोलता मला तो ड्रॅगन आठवला. चिरंजीवांनीच मला एकदा आणखी एका ड्रॅगनखेळाची हकिकत सांगितली होती. 'लेअर' त्याचे नाव. २००७ साली प्लेस्टेशन ३ साठी निघाला. त्यातला ड्रॅगन हवा तिकडे वळे, पण वळवायचा तर हातातले यंत्रच वेडेवाकडे कलवावे लागे. परीक्षकांनी त्याला झोडपले. मग कंपनीने परीक्षकांसाठी खेळ कसा खेळावा याची पुस्तिका पाठवली, त्यावरून आणखी हसे झाले. मी म्हटले, "बघ, मोकळा ड्रॅगन दिला तर काय झालं? लोकांना झेपला का?"

पोरगा शांतपणे म्हणाला, "लोकांनी मोकळेपणाला नावं ठेवली नाहीत बाबा. लगामाला ठेवली. पुढच्या वर्षी साधी दांडी वापरायची सोय करून दिली त्यांनी. उडायचं बंद नाही केलं."

मला उत्तर सुचले नाही. न सुचल्याचा राग आला आणि मी मदतीसाठी नानांकडे पाहिले. सारा जन्म रुळांवर काढलेला माणूस. तो तरी माझ्या बाजूने बोलेल!

नाना काही वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ड्रायव्हर रूळ बदलत नाही हे खरं हाय. सांधेवाला बदलते. पण गाडी कोणती येऊन राहिली ते पाहून बदलते. एकोणनव्वदचा तो फॉर्म आठवते का तुले?"

मला आठवत नव्हते, असे म्हणायला हवे. म्हणजे इतकी वर्षे मी ते आठवलेच नव्हते. १९८९ साली नानांनी रेल्वेभरतीचा अर्ज माझ्यासाठी आणला होता. स्वतःच्या हाताने माझे नाव, जन्मतारीख घालून ठेवली होती. आमच्या आजोबांनी इतवारीला फिटरकी केली, नानांनी इंजिन हाकले, तिसरा मी. आणि मी नाही म्हणालो होतो. मला कोळशाचा वास नको होता, कचेरीतली खुर्ची हवी होती. नाना तेव्हा काय बोलले ते मी आठवून पाहिले. काहीच बोलले नव्हते.

"त्या फॉर्मात मी दुसऱ्या दिवशी पोळ्या गुंडाळून ड्यूटीवर नेल्या," नाना हसून म्हणाले. "कागद जाड होता."

मी त्या रात्री अर्जावर सही केली नाही. दोन दिवस तो फ्रिजवर पडून होता, आणि सौ. त्यावरची धूळ रोज नको तितक्या काळजीने झटकत होत्या. तिसऱ्या दिवशी कचेरीत निघताना मी पेन काढले. मनापासून केली का? नाही. आजही रात्री कधी जाग येते तेव्हा मी चित्रकारांच्या मिळकतीचा हिशोब मांडतो आणि तो जुळत नाही.

चिरंजीव आता इथेच नागपुरात चित्रकलेच्या महाविद्यालयात जातात. विजारीला रंग लावून येतात, तो धुताना निघत नाही आणि त्यावरून सौ. आता माझ्या बाजूला येण्याची थोडी आशा वाटते. खेळाविषयीचे त्यांचे मत मात्र पूर्वीचेच आहे: मिरवणूक! तरीही रोज संध्याकाळी अर्धा तास ते नानांशेजारी बसतात. नानांनी त्यांना आपला फायरमन नेमले आहे. बोटे फार थरथरू लागली की नातू यंत्र हाती घेतो, आणि नाना नुसते "मागं पाह्य! मागं पाह्य!" म्हणून ओरडतात.

परवा लक्ष्मीपूजनाची तयारी झाली, पाट मांडले, मुहूर्त टळत आला. सौ.नी आतून तिसऱ्यांदा हाक मारली. पडद्यावर वाळवंट संपत आले होते.

"थांब ना सूनबाई," नाना मान न वळवता म्हणाले. "सिग्नल पडू दे."