वाळण्याचे दिवस

तैलरंग हातात घेईपर्यंत माझ्यावर थांबायची वेळच आली नव्हती. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतली कथाचित्रं, जाहिरातींची कामं यांत बरीच वर्षं गेली. ती मी ॲक्रिलिकमध्ये करायचे, पुढे टॅबवर. ॲक्रिलिकचा पातळ थर अर्ध्या तासात वाळतो, आणि घाई असली तर हेअर ड्रायर असतोच. जुलै-ऑगस्टमध्ये दिवाळी अंकांची गर्दी झाली की एकाच टेबलावर दोन-तीन कथांची चित्रं एकदम चालू असायची. त्या कामांनी माझ्या हाताला वळण लावलं, हे मी कधी विसरणार नाही. पण पुरं झालेलं चित्र मी नीट पाहिलंय, असं क्वचितच व्हायचं. अंक छापून घरी आला की ते पहिल्यांदा दिसायचं.

तैलरंग असं करू देत नाहीत. पाण्यातला रंग पाणी उडून गेलं की वाळतो. जवसाच्या तेलाचं तसं नसतं; ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि सावकाश घट्ट होत जातं. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. टिटॅनियम व्हाइट आणि कॅडमियमचे लाल-पिवळे मात्र आठवडाभरसुद्धा ओले राहतात. खाली कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा, हा जुना नियम आहे. तो मोडला किंवा खालचा थर ओला असतानाच घाई केली, तर पुढे चित्राला भेगा पडू शकतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात, त्या दमट हवेत, सगळंच आणखी लांबतं.

अशाच एका पावसाळ्यात मी वसईकडच्या मिठागरांचं चित्र करत होते. रेखाटनं उन्हाळ्यात, मिठाचा हंगाम चालू असताना करून आणलेली. चौकोनी वाफे, मधले मातीचे बांध, उजवीकडे मिठाची पांढरी रास आणि वर उन्हानं पांढरंफटक पडलेलं आकाश. पुढचा पाण्याचा भाग मला मोकळा वाटत होता. तिथे डोक्यावर टोपली घेतलेली बाई हवी, असं मनात पक्कं झालं होतं. पण पाणी ओलं होतं. करंगळीचं टोक हलकेच टेकवलं तरी रंग बोटाला यायचा. दुसरं काही करता येईना म्हणून समोर स्टूल ओढून बसले.

पहिले दोन दिवस बसणं जमलं नाही. ब्रश धुऊन झाले, ट्यूबा लावून झाल्या, सारखा हात मोबाइलकडे जायचा. मोबाइल बघण्याला आपण विश्रांती म्हणतो, पण चित्रकाराचा डोळा त्यात अजिबात विसावत नाही. दुसऱ्यांची चित्रं त्याच्यात येऊन साठत राहतात. शेवटी फोन बाहेरच्या खोलीत ठेवला आणि नुसती बसून राहिले. मग हळूहळू चित्र दिसायला लागलं. मिठाच्या राशीचा पांढरा आणि आकाशाचा पांढरा एकाच ताकदीचे होते, दोघेही नजर आपल्याकडे ओढत होते. म्हणून मधलं पाणी रिकामं वाटत होतं. पाण्यात कमी काहीच नव्हतं. त्यानंतर कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि बरेच दिवस त्याला हात लावला नाही. पुन्हा वळवला तेव्हा टोपलीवाली बाई मनातून निघून गेली होती. वाळलेल्या आकाशावर राखाडीचा पातळ, तेलकट थर दिला, तशी रास उजळली आणि पाणी आपोआप पुढे आलं. हात चालू राहिला असता तर मी त्या पाण्यात बाई काढून मोकळी झाले असते.

वासुदेव गायतोंडे यांच्या कामाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहते. 1924 साली नागपुरात जन्मलेला, जे. जे.मध्ये शिकलेला हा चित्रकार पुढे दिल्लीला जाऊन राहिला. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. रोलरनं आणि पॅलेट नाइफनं थरावर थर द्यायचे, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा आणि बाकीचा वेळ थांबायचं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या चित्रांतला जो प्रकाश खालच्या थरातून वर येतो, तो घाईनं येणारच नाही, हे तैलरंगात हात घातलेल्या कुणालाही कळेल.

मात्र असं थांबणं त्यांना जमलं, कारण संसार आणि गोतावळा त्यांनी लांब ठेवला होता. माझ्यासारख्या घरात राहणाऱ्या बाईला ते मागून घ्यावं लागतं. हातात ब्रश असला तर कुणी आत येत नाही. स्टुलावर नुसती बसलेली दिसले की, “रिकामीच आहेस ना, जरा दूध बघशील?” असं सासूबाई हमखास म्हणायच्या. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. काम म्हणजे हात हलणं, असंच आपल्या घरांतून सगळे शिकतात. एकदा त्यांनाच स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “आई, यात काय खटकतं ते सांगा.” बराच वेळ पाहून म्हणाल्या, “ही वरची पट्टी डोळ्यांत जाते गं.” बरोबर तिथेच खटकत होतं. त्यानंतर दूध त्यांनी आपणहून पाहिलं.

पैशाचा प्रश्न उरतोच. थांबण्याचे दिवस कुणीतरी पोसावे लागतात, आणि कामं घेणाऱ्या बहुतेक चित्रकारांना ते परवडत नाहीत. म्हणून तैलरंगातल्या मुखपृष्ठाचा खर्च लिहून देताना आता मी त्यात वाळण्याचे आणि बघण्याचे दिवस वेगळे मांडते. एका प्रकाशकांनी फोन करून विचारलं, “हे बघण्याचे दिवस कसले, ताई?” मी मिठागराच्या चित्राची गोष्ट सांगितली. त्यांनी पुस्तकाची तारीख पुढे नेली. दुसऱ्या एकांनी काम दुसरीकडे दिलं. ते पुस्तक मला फार आवडलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं. पण पुढच्या कामात दिवस तेवढेच लिहिले.