सोऱ्या आणि सादळलेला पापड

थ्रीडी प्रिंटर शिकवताना पहिल्या दिवशी मी प्रिंटरवरचं कापड काढतच नाही. टेबलावर आईचा पितळी सोऱ्या ठेवतो, शेजारी परातीत मळलेली भाजणी. इंजिनिअरिंगची मुलं आधी हसतात. मग चकल्या पाडायला बसतात आणि गप्प होतात. पीठ घट्ट असलं तर दांडा फिरत नाही, सैल असलं तर काटे बसतात, मोहन जास्त झालं तर चकली तेलात हसते. हसते म्हणजे विरघळून तुटते, हेही निम्म्यांना सांगावं लागतं.

प्रिंटर तरी वेगळं काय करतो? प्लास्टिकची तार वितळवून ०.४ मिलिमीटरच्या भोकातून खालच्या थरावर घालतो. प्लास्टिक थंड होऊन आकार धरतं, पीठ दाब संपला की धरतं, एवढाच फरक. पण प्लास्टिकचं रीळ मोजूनमापून आलेलं असतं, त्याची सेटिंग्जही सॉफ्टवेअरमध्ये तयार असतात. मुलगा बटण दाबतो आणि त्याला वाटतं, आपल्याला जमलं. भाजणीची सेटिंग्ज कुठेच मिळत नाहीत.

हाताने करून शिकवायचं हे खूळ माझं एकट्याचं नाही. एमआयटीतल्या नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळपास काहीही कसं बनवायचं’ असा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून फॅब लॅबची, म्हणजे कुणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळेची कल्पना निघाली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात उभी राहिली. आश्रम १९८३ चा, डॉ. श्रीनाथ कलबागांचा. कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ. मला यात योगायोग वाटत नाही.

मागच्या तुकडीत एका मुलीने मोदकाचा साचा करायला घेतला. पडद्यावरचं चित्र देखणं होतं, अकरा कळ्या, वर नाजूक शेंडी. साचा छापला, गरम उकड भरली आणि साचाच वाकला. पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. शिवाय छपाईच्या थरांमधल्या खाचांत उकड अडकली, ती घासूनही निघेना. अशा खाचांत जंतू राहतात, म्हणून छापलेल्या साच्यातलं खायचं नाही, हा आमचा नियम.

मग तिने साच्याऐवजी मोदकच छापला, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला आणि त्याच्याभोवती खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी सिलिकॉन तसंच चिकट. दोन दिवस आम्ही मिश्रणाचं प्रमाण तपासत बसलो. चोर निघाली माती! सिलिकॉन ओतायच्या पेटीच्या फटी बुजवायला तिने शिल्पकामाची माती लावली होती, तिच्यात गंधक होतं आणि गंधक असलं की प्लॅटिनमवर चालणारं सिलिकॉन जमत नाही. ही चूक मी आधीच सांगू शकलो असतो का? मातीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

तिसऱ्या साच्यातून मोदक सुटला, पण वाफवल्यावर कळ्या दिसेनात. उकड फुगली होती. मग कळ्या जवळपास दुप्पट खोल केल्या. पडद्यावर तो मोदक आता ओबडधोबड दिसायचा. मोदकपात्रातून निघाला तेव्हा बरोबर दिसला.

लेझर कटरवर मात्र खाण्याचा प्रयोग एकदाच झाला. कमी पॉवर, जास्त वेग ठेवून मुलांनी उडदाच्या पापडावर तुकडीचं नाव भाजलं. अक्षरं सुरेख तपकिरी उठली. लगेच तळायची घाई. मी पापड काढून घेतला, कारण त्याच यंत्रात रोज एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिक कापतो, त्या धुराची चिकट पुटं आत सगळीकडे बसलेली असतात. मुलं नाराज झाली.

तो पापड अजून प्रिंटरच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. पावसाळ्यात सादळतो, उन्हाळ्यात ताठ होतो. प्लास्टिकची तारही हवेतली ओल पिते आणि मग भोकातून तडतडत बाहेर येते. आता मुलं छपाईआधी पापडाला बोट लावून बघतात आणि तो मऊ लागला की रीळ वाळवायला ठेवतात.