नेट चालू करायचं तर आधी नेट लागतं!

परवा श्रीवर्धनला एका मित्राने विचारलं, "तीन दिवस तुझी एकही बातमी नाही. आजारी होतास का?"

आजारी नव्हतो. लॅपटॉपचं वायफाय बंद होतं. तेही मीच, माझ्या हाताने बंद पाडलेलं.

गोष्ट थोडी तांत्रिक आहे. पण शेवटी ती गावातल्या शाळेपर्यंत आणि तुमच्या-माझ्या कराच्या पैशापर्यंत येते, म्हणून सविस्तर लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीसारख्या येत नाहीत. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ घेता येते, तीही ऑक्टोबर 2026 पर्यंतच. पुढे विंडोज 11 वर जायचं तर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण 2017-18 नंतरचा प्रोसेसर लागतो. माझा लॅपटॉप 2016 चा. तपासणीत नापास.

आता नवा घ्यायचा तर चाळीसेक हजार. गावात बसून बातम्या पाठवणाऱ्याला एका बातमीमागे काय मिळतं ते इथे लिहीत नाही, उगाच हसाल. आणि लॅपटॉप तसा ठणठणीत आहे. रॅम वाढवलेली, डिस्क बदललेली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या सुपारीच्या वाड्यांचे फोटो याच मशीनवर आहेत. ते भंगारात कसं टाकणार?

माझा भाचा लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतो. तो म्हणाला, "मामा, लिनक्स टाक. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान चालतं." आधी सगळे फोटो आणि कात्रणं बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली (हे विसरू नका). मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. अर्ध्या तासात काम झालं. स्क्रीन, आवाज, कॅमेऱ्याचं कार्ड, प्रिंटर, सगळं आपोआप ओळखलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डसुद्धा दोन क्लिकमध्ये आला. मी खूश.

मग वायफाय शोधायला गेलो तर खूणच नाही. नेटवर्कची यादी नाही, बटण नाही, काही नाही. जसं काही या लॅपटॉपला वायफाय कधी नव्हतंच.

आणि दिवस कुठले? दिवाळीनंतरचे. कापलेलं भात खाचरात पडलेलं आणि वरून पाऊस. लोक फोन करतायत, "भाऊ, भाताला कोंब आले, पंचनाम्याला अजून कुणी आलं नाही, बातमी लावा." फोटो काढलेले, बातमी टाइप केलेली, आणि पाठवायला वाट नाही. मोबाइलवरून दोन ओळी आणि एक फोटो पाठवला, तो आतल्या पानावर कुठेतरी लागला.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "ड्रायव्हर नसेल. ड्रायव्हर मॅनेजर उघड आणि उतरवून घे."

म्हटलं, "कशावरून उतरवू? नेट नाही म्हणून तर ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही!"

आपल्याकडच्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. एक दाखला काढायला दुसरा दाखला लागतो, आणि दुसऱ्यासाठी पहिला. नेटवर्क नसल्याची तक्रार ऑनलाइन करा, असं सांगतात ना, तसंच.

यातून वाट निघाली ती अगदी साधी. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लॅपटॉपला वाटतं तारेचं नेट आलं. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. माझी पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली, त्यात एक संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनवरून एकेक पायरी करून घेतली. आधी 'आरएफकिल' हा हुकूम देऊन वायफाय कुठे बटणाने किंवा विमान मोडमुळे बंद तर नाही ना, ते पाहिलं. नव्हतं. मग 'एलएसपीसीआय'. त्यात मशीनमधल्या एकेका भागाचं नाव आणि नंबर दिसतो. वायफायची चिप तिथे दिसत होती, पण तिच्यापुढे ड्रायव्हरचं नाव नव्हतं. म्हणजे चिप जिवंत आहे, फक्त तिच्याशी बोलणारं कुणी नाही.

असं का होतं, तेही समजून घेतलं. लिनक्सच्या गाभ्यातच हजारो उपकरणांचे ड्रायव्हर असतात. पण ज्या कंपनीने आपल्या चिपची माहिती उघड केली, किंवा स्वतः खुला ड्रायव्हर लिहून दिला, तिची चिप सहसा आपोआप चालते. काही कंपन्या ड्रायव्हर बंद डब्यात देतात, तो वेगळा टाकावा लागतो. शिवाय बऱ्याच वायफाय चिपांना सुरू होताना फर्मवेअर नावाचा एक लहानसा प्रोग्राम भरवावा लागतो, तोही बहुतेक वेळा बंदच. डेबियन हे लिनक्सचं जुनं आणि तत्त्वाला चिकटून राहणारं घराणं. त्यांनीसुद्धा 2022 मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घालायचं ठरवलं, आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते आलं. नाहीतर नवख्या माणसाचं माझ्यासारखंच होत होतं.

माझी चिप बंद डब्यावाल्यांपैकी. मोबाइलच्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर उतरवला, एक पासवर्ड ठरवायला सांगितला, मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. सुरू होताना निळा पडदा आला, इंग्रजीत चार पर्याय. मला वाटलं काहीतरी बिघडलं. घाईने पहिलाच पर्याय दाबला, 'पुढे चला' असा. मशीन सुरू झालं. वायफाय? नाही.

भाचा हसायला लागला. "मामा, तो निळा पडदाच तर महत्त्वाचा होता!"

लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर तो आत सोडत नाही. त्या निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' हा पर्याय निवडून, आधी ठरवलेला पासवर्ड देऊन, नव्या ड्रायव्हरची चावी पहारेकऱ्याकडे नोंदवायची असते. तो पडदा एकदाच येतो. सोडला की गेला. भाच्याने चावी पुन्हा नोंदणीला लावणारी एक ओळ पाठवली. ती टाकली, परत मशीन सुरू केलं, या वेळी चष्मा लावून वाचलं. आणि आलं! कोपऱ्यात वायफायची खूण. शेजारच्या लॉजची तीन नेटवर्कंसुद्धा दिसायला लागली.

पण दर दहा मिनिटांनी तुटायचं. मोठा फोटो पाठवायला लावला की हमखास. याचं कारण वीजबचत. बॅटरी वाचवायला यंत्रणा वायफायला मधूनमधून झोपवते, आणि काही चिपांना ती झोप सोसत नाही. नेटवर्क मॅनेजरच्या एका लहान फाइलमध्ये वीजबचतीपुढे 3 लिहिलेलं असतं, त्याचं 2 केलं. 2 म्हणजे बंद. त्यानंतर आजपर्यंत एकदाही तुटलेलं नाही. भाताची बातमी चौथ्या दिवशी पाच फोटोंसकट गेली. उशिरा गेली, याची रुखरुख आहेच.

आता शाळेचं.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होतो, तर एका शाळेतले गुरुजी ऐकत होते. (शाळेचं नाव लिहीत नाही, त्यांना त्रास नको.) म्हणाले, "आमच्याकडे पाच संगणक आहेत. विंडोज 11 घेत नाहीत म्हणून निर्लेखनाच्या यादीत घालणार आहेत. एक बघता का?"

रविवारी गेलो. मशीनं धूळ खात होती, पण चालू. एकावर मिंट टाकलं. नेटसाठी त्यांच्याकडे यूएसबीला लावायचे दोन वायफाय डोंगल होते. एक लावताक्षणी चालला, दुसरा काही केल्या चालेना. बाहेरून दोन्ही सारखेच. फरक आतल्या चिपचा. दुपारपर्यंत पोरं त्या 'भंगारा'वर मराठी टाइप करत होती.

केरळात हे गावठी प्रयोग म्हणून होत नाही, सरकार करतं. तिथे आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प 2001 च्या सुमारास सुरू झाला, 2017 मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी ते स्वतःचं लिनक्स बांधतात आणि शिक्षकांना शिकवतात. आपणही मागे असायला नको होतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस लिनक्स 2007 मध्येच आणलं. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण 2015 पासून कागदावर आहे. धोरण आहे, सॉफ्टवेअर आहे. नाही तो गुरुजींच्या फोनला उत्तर देणारा माणूस. मला भाचा होता, म्हणून तीन दिवसांत सुटलो. गुरुजींना कोण आहे?

सगळं लिनक्सवर न्या, असं माझं म्हणणं नाही. डिजिटल सहीचं किंवा अशाच एखाद्या कामाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर त्यासाठी एक मशीन तसं ठेवा. पण बाकीची चार भंगारात घालण्याआधी एवढं तरी करा:

एक, पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा. इन्स्टॉल न करताही चालतं. वायफाय तिथेच तपासून घ्या.

दोन, शाळा किंवा ग्रामपंचायत नवीन मशीन, डोंगल घेणार असेल तर मागणीपत्रात एक ओळ घाला: लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चाललं पाहिजे. ही ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

तीन, तालुक्याला एक माणूस शिकवून ठेवा. एकच. त्याचा नंबर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावा.

पाच संगणकांची ती यादी अजून वर गेलेली नाही. गुरुजींनी मुख्याध्यापकांना सांगून आठवडाभर थांबवली आहे. पुढच्या रविवारी उरलेल्या चारांसाठी मी जातोय, भाचाही सुट्टीला येतोय. श्रीवर्धन, म्हसळा भागात कुणाला हे जमत असेल तर या. आणि कुणाच्या घरी चालू वायफाय डोंगल पडून असेल तर तो घेऊन या. आम्हाला चार पाहिजेत, सध्या एकच आहे.