अभिप्रायार्थ दोन प्रती

आनेकल या शब्दाचा कानडीतला अर्थ गार. 'आने' म्हणजे हत्ती आणि 'कल्लु' म्हणजे दगड. पण हे दोन शब्द जोडले की वळिवाच्या पावसात आभाळातून पडणारी गार होते. बंगळूरच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्याच्या गावी मी उतारवयात राहावयास आलो. तालुक्याच्या एका बाजूस इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूस बन्नेरघट्ट्याचे रान, आणि मध्ये रेशीम विणणाऱ्यांचे हे जुने गाव. मराठी पुस्तक इथे दुकानात मिळत नाही. ते टपालाने येते. त्याची वाट पाहण्याची मला जुनी सवय आहे, कारण आयुष्याची पंचवीस वर्षे मी पुस्तक-परीक्षणे लिहिली.

परीक्षणाचा व्यवहार साधा होता. मासिकाच्या पानावर बारीक टायपात सूचना असे : अभिप्रायार्थ पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एक प्रत कार्यालयात राही, दुसरी परीक्षकाकडे जाई. मानधन नाममात्र, बहुधा ती प्रत हेच मानधन. सातआठशे शब्द आणि तीन आठवड्यांची मुदत. या व्यवहारात लेखकाची चारपाच वर्षे, प्रकाशकाचे भांडवल आणि दूरच्या गावातल्या ग्रंथपालाची तुटपुंजी रक्कम गुंतलेली असते, हे परीक्षणे लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. मलाही ते फार उशिरा दिसले.

एका अपरिचित लेखिकेचा पहिला कथासंग्रह माझ्याकडे आला होता. पुस्तकात नऊ कथा होत्या. मुदत संपत आली होती, घरी आजारपण होते. सात कथा वाचून झाल्यावर माझे मत बनले आणि मी लिहावयास बसलो. कथांचे शेवट ठोकळेबाज आहेत, अनुभवाची झेप लहान आहे, भाषा नीटस असली तरी लेखिकेला स्वतःचा सूर सापडलेला नाही, असे मी लिहिले. वाक्ये चांगली उतरली होती. छापून आल्यावर दोघातिघांनी त्यांचे कौतुकही केले.

दोनेक महिन्यांनी मासिकाच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे एका छोट्या गावातल्या वाचनालयाचे काम पाहत होते. त्यांनी लिहिले होते, की माझे परीक्षण वाचून त्यांनी हे पुस्तक खरेदीच्या यादीतून काढले. पुढे योगायोगाने ते त्यांच्या हाती पडले, आणि शेवटची कथा त्यांनी दोनदा वाचली. अखेरीस एकच प्रश्न होता : ही कथा आपण वाचली होती काय? प्रश्नात उपरोध नव्हता. तो असता, तर मला रागावता आले असते.

त्या रात्री मी राहिलेल्या दोन कथा वाचल्या. आठवी सामान्य होती. नववी तशी नव्हती. आधीच्या कथांत जो सूर मला हरवलेला वाटला होता, तो तिथे पहिल्या ओळीपासून होता. इतकेच नव्हे, तर त्या कथेवरून मागे पाहिले असता आधीच्या दोन कथांचे शेवट ठोकळेबाज न वाटता मुद्दाम आवरलेले वाटू लागले. मी संपादकांना दुरुस्तीचे टिपण पाठवले. विषय शिळा झाला, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. मग प्रकाशकांमार्फत लेखिकेला पत्र लिहिले आणि कबुली दिली. चार ओळींचे उत्तर आले. ती कथा त्यांनी सर्वांत आधी लिहिली होती, एवढे त्यात सांगितले होते. त्यांचे दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात आले नाही. त्याला माझे परीक्षण कारण झाले, असे म्हणण्यास मला आधार नाही. झाले नसेल, असे म्हणण्यासही नाही.

लेखक, वाचक आणि परीक्षक यांचे नाते मराठीत कधीच शांत नव्हते. 1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवण्याचे ठरले, तेव्हा जोतीराव फुले यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून तिच्याशी आपले जमणार नाही, असे कळवले. ज्यांचे दुःख ग्रंथांत येत नाही, त्यांनी त्या ग्रंथकारांच्या मेळ्यात का बसावे, हा त्या नकारामागचा प्रश्न होता. वाचक कोणाला म्हणावयाचे, असाच तो प्रश्न आहे. 1969 साली लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तेव्हा ज्या मासिकाच्या पसंतीवर लेखकाची प्रतिष्ठा ठरत होती, त्या पसंतीचा अधिकारच त्यांनी नाकारला. आणि तरीही त्याच मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या हस्तलिखितावर पत्रांतून किती बारकाईने विचार करीत, हेही तितकेच खरे. 1982 साली 'सत्यकथा' बंद झाली. छापण्यापूर्वी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस किती दुर्मिळ असतो, हे त्यानंतर अनेकांच्या ध्यानी आले.

'ललित' मासिकात जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांची दीर्घकाळ थट्टा केली. वसंत सरवट्यांनी त्याला हाती मोठा हातोडा दिला होता. तो हातोडा लेखकांना सोसवला, कारण तो चालवणारा सगळे वाचून बसलेला आहे, याची त्यांना खात्री होती. उलट टोकाला धारवाडचे जी. ए. कुलकर्णी. माणसांच्या घोळक्यापासून ते कटाक्षाने दूर राहिले. पण त्यांच्या पत्रांचे खंड पाहिले म्हणजे कळते, की वाचणाऱ्या माणसापुढे हा लेखक किती मोकळा होत असे. 'काजळमाया'ला 1973 साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळाविषयी वाद निघताच त्यांनी तो परत केला. पुरस्कार हाही एक अभिप्रायच. तो परत करता येतो. वाचकाचे पत्र परत करता येत नाही.

मी राहतो त्या मुलखात या नात्याचे एक जुने चित्र आहे. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्यांच्या पदरी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने राजापुढे बारा नारळ ठेवले. बारा भाषांत आपण कविता करू शकतो, असा त्याचा अर्थ होता. दरबारात समस्या घातल्या जात आणि कवी त्या पुऱ्या करीत. ऐकणारा, पारखणारा आणि बिदागी देणारा एकच, तोही समोर बसलेला. पण त्या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' मराठी वाचकापुढे आले ते 1922 साली, वि. का. राजवाड्यांनी पोथी मिळवून, विस्तृत प्रस्तावना लिहून ते छापले तेव्हा. राजाच्या वाहवेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी एका विक्षिप्त, चिकाटीच्या वाचकाने ती पोथी वाचकाच्या हवाली केली. परीक्षकाचे काम काय, असे मला कोणी विचारले, तर मी हे उदाहरण देतो. मत देणे हा त्या कामाचा लहानसा भाग; पुस्तक त्याच्या वाचकापर्यंत नेऊन पोचवणे हा मोठा.

आता अभिप्रायाला मासिकाची किंवा मुदतीची वाट पाहावी लागत नाही. पुस्तक ज्या संध्याकाळी हाती येते, त्याच रात्री त्याविषयीचे मत शेकडो लोकांपर्यंत पोचलेले असते. याचे मला वैषम्य वाटत नाही. ज्यांना पूर्वी पोस्टकार्डापलीकडे जागा नव्हती, ते वाचक आता परीक्षकाच्या शेजारी बसून बोलतात, आणि माझ्यासारख्याची चूक उघड व्हावयास दोन महिने लागत नाहीत. मला भय आहे ते एवढेच, की सातव्या कथेवर थांबण्याचा मोह आता सर्वांनाच उपलब्ध झाला आहे.

गेल्या वैशाखात इथे गारा पडल्या. शेजारची मुले वाट्या घेऊन अंगणात धावली. मीही एक गार उचलली. ती हातात धरेपर्यंत वितळली आणि तळवा तेवढा ओला राहिला. दुसऱ्या दिवशी होसूरच्या वाटेवर एका फुलशेतीवाल्याने मला आपले वाफे दाखवले. पाने चाळणीसारखी झाली होती. त्याने तक्रार केली नाही. कोणती रोपे पुन्हा धरतील, ते तो वाकून एकेक पाहत होता.

घरी आल्यावर मी तो कथासंग्रह काढला. त्याच्या पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा जांभळा शिक्का आहे. शेवटची कथा पुन्हा वाचली, आणि या खेपेला आठवीही.