तू किती दिवस आहेस, ताई?

भूगाव, ता. मुळशी, जि. पुणे
कोजागरी पौर्णिमा

चि. सायलीस,

तुझं पत्र ताईने, तुझ्या आईने, मला वाचायला दिलं. स्वतः वाचताना ती दोनदा थांबली आणि शेवटी म्हणाली, "हिला परत बोलावून घेऊ का गं?" मी नको म्हटलं. का नको, ते तुला सांगायला हवं. फोनवर ते जमणार नाही. तू रडशील, मी 'जेवलीस का' विचारीन आणि बोलणं तिथेच संपेल. म्हणून लिहायला बसले.

दसऱ्याला तुला घर आठवलं याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या नेपाळातल्या ललितपूरचा दसैं म्हणजे जवळजवळ आपलंच नवरात्र. घटस्थापनेला तेही धान पेरतात, फक्त आपल्यासारखं सात प्रकारचं नाही, बहुतेक जवच, आणि ते उन्हापासून लपवून ठेवतात. म्हणून त्यांचा जमरा हळदीसारखा पिवळा उगवतो. दशमीला थोरली माणसं दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून धाकट्यांच्या कपाळाला टिका लावतात, जमरा डोक्यावर ठेवतात, आशीर्वाद देतात. आपल्याकडे घट उठवल्यावर आजी तुझ्या वेणीत धान खोवते आणि बाबा टोपीत खोवतात, तसंच. अगदी वेगळं काही असतं तर तू कुतूहलाने बघत बसली असतीस. सगळं ओळखीचं, फक्त लावणारा हात आपल्या माणसाचा नाही, म्हणून जीव कासावीस झाला. त्यात काही कमीपणा नाही. बावीस वर्षांची झालीस म्हणून घर आठवू नये असा नियम कुठे आहे?

मला थांबवलं ते तुझ्या पुढच्या ओळींनी. तू काम करतेस त्या मुलांच्या घरातली निम्मी मुलं दसैंला गावी गेली, घर रिकामं झालं, राहिलेल्यातली ती छोटी रात्री तुझ्या कुशीत आली आणि दोघी रडत झोपलात. "मावशी, तेव्हापासून मला एकटं वाटत नाही. ती माझीच आहे असं वाटतं," असं तू लिहिलंस. आणि त्याच पानावर, तिकीट डिसेंबरचं आहे, हेही.

सायली, घरच्या आठवणीवरचा उतारा सहा वर्षांच्या मुलीकडून घ्यायचा नसतो. एवढं एकच मला तुला सांगायचं आहे. तुला रागही येईल, येऊ दे.

मी इथे शनिवारी ज्या संस्थेत गणित शिकवायला जाते, तिथे चौथीतली एक मुलगी आहे. नवीन कोणी आलं की ती नाव विचारत नाही. "तू किती दिवस आहेस, ताई?" हे पहिलं विचारते. उत्तर 'दोन आठवडे' असलं तर हसून, हात धरून सगळी खोली दाखवते, मांडीवरही बसते. उत्तर महिन्यांत असलं तर जरा लांबून बघते. जास्त दिवस राहणाऱ्याचा लळा लावून घेणं तिला महाग पडतं, हे ती केव्हाच शिकून बसली आहे. पाहुणे जाताना म्हणतात, किती गोड, किती लगेच बिलगली! बिलगली खरी. मात्र कोणालाही लगेच बिलगणारं मूल पाहिलं की मला काळजी वाटते. आपल्या शेजारच्या घरातलं दोन वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं. लपायला पदर आहे, म्हणून लपतं.

हे माझं एकटीचं मत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांवर अहवाल लिहिला, १९५१ साली. लहान मुलाला खाणं-कपड्यांइतकाच एकाच माणसाचा अखंड, मायेचा सहवास लागतो, हे त्याने ठासून मांडलं. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आईपासून तुटलेली मुलं रुग्णालयांत बघत असत. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग शांत होतं आणि कोणाशीही हसून वागू लागतं. परिचारिकांना वाटे, रुळलं. रॉबर्टसनने दाखवलं की ते रुळलेलं नाही, त्याने आशा सोडली आहे. तू डिसेंबरमध्ये निघालीस की ती छोटी पुन्हा या पायऱ्या चढणार. तुझ्या आधी आलेल्या मुलींच्या वेळी त्या ती चढली असेलच.

आणखी एक. मुलं 'अनाथ' आहेत असं तू सारखं लिहितेस. मग दसैंला त्यांना न्यायला कोण आलं? कुणाची आई आली असेल, कुणाचा काका, आजा. नेपाळात हे प्रकरण जुनं आहे. १९९६ ते २००६ या माओवादी युद्धाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना दलालांनी सांगितलं, मुलांना काठमांडूला नेतो, शाळेत घालतो. त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतले. मुलं राजधानीच्या आसपास 'अनाथ' म्हणून वाढली. तुझ्याच ललितपूर जिल्ह्यातल्या गोदावरीजवळच्या एका घरात २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण तुझ्यासारखाच काही महिन्यांसाठी आला. मुलांचे आईबाप जिवंत आहेत हे कळल्यावर तो हुम्लाच्या डोंगरांत पायी हिंडला, मुलांचे फोटो घेऊन घरं शोधली आणि ताटातूट झालेल्या मुलांसाठी संस्था काढली. त्याचं मला अप्रूप वाटतं, कारण मुलांना स्वतःचा लळा लावण्यावर तो थांबला नाही, त्यांची माणसं शोधायला निघाला. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारनेही पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, कारण तेच दलाल पुन्हा हिंडू लागतील ही धास्ती होती. आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तू आहेस ते घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. दसैंला मुलं गावी धाडतात, म्हणजे नाती जपतात, ही चांगलीच खूण. पण तिथे असताना एवढं विचार: त्या छोटीचं कोण आहे? कोणी असेल तर तिला भेटायला का येत नाही, बसभाड्यामुळे की आणखी कशामुळे?

आता तू म्हणशील, मग मी रडू कोणाजवळ? मोठ्या माणसाजवळ रड. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. बोटीवर घरचं कोणी नाही, पुढे फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न, तब्येत ढासळलेली. त्यांना आधार होता न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंचा. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. पत्रांतून मन मोकळं करत ते अशा बाईजवळ, जिला स्वतःचं घर होतं, मुलं होती, वय होतं, जी ते ओझं पेलू शकत होती. आनंदीबाई पुण्यात गेल्या, १८८७च्या फेब्रुवारीत, तेव्हा त्यांच्या अस्थी त्या बाईंकडेच पाठवल्या गेल्या. त्या पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. परदेशात माणूस असं जोडता येतं. तू तुझ्या स्वयंपाकघरातल्या दिदीबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेस, की ती पहाटे उठते आणि कमी बोलते. तिच्याजवळ बस. भाजी निवड, भांडी घास. तिचं घर कुठे आहे, तिची मुलं कुठे आहेत, विचार. मला वाटतं, दसैंला तिलाही कोणाची तरी आठवण आली असेल.

आणि मुलांना खरं सांभाळते ती दिदीच. आपल्या भूगावातलं 'मानव्य' तू येता-जाता पाहिलं आहेस. विजयाताई लवाटे यांनी एचआयव्ही झालेल्या मुलांसाठी ते काम १९९७च्या सुमाराला उभं केलं. अशा मुलांना घरात घ्यायला नातेवाईकही बिचकत असत आणि सरकारी मोफत औषधंही नव्हती, ती २००४च्या एप्रिलपासून आली. औषधं आल्यावर मुलं जगू लागली, पण त्या औषधांना खाडा चालत नाही. रोज, ठरलेल्या वेळी, ताप असो की परीक्षा, वर्षानुवर्षं. म्हणजे कोणीतरी रोज, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं हजर हवं. पाहुण्याने एक दिवस प्रेमाने गोळी भरवून काय होणार? मुलाच्या मायेचंही मला तसंच वाटतं. म्हणून तुझ्या उरलेल्या दिवसांत दिदीचे हात मोकळे कर. कपडे धू, हिशेब लिही, मोठ्या मुलांचं गणित घे. तुझ्यामुळे तिला संध्याकाळी अर्धा तास त्या छोटीजवळ बसता आलं, तर तू खूप काम केलंस असं मी म्हणेन.

छोटीला दूर लोटू नकोस. एकदम हात काढून घेणं सगळ्यांत वाईट. कुशीत आली तर घे, पण दिदीही जवळ असू दे. तू शिकवलेलं गाणं दिदीलाही शिकव, म्हणजे ते तुझ्याबरोबर निघून जाणार नाही. आणि जायची तारीख आजच सांग. भिंतीवरच्या नेपाळी कॅलेंडरवर दोघी मिळून खूण करा. रात्री गुपचूप निघणं, 'लवकरच येते' म्हणणं, हे मुळीच करू नकोस. परत येशील याची खात्री असेल तरच तसं बोल. फोटो काढलेस ते तुझ्याजवळच ठेव, कुठे टाकू नकोस. तिचा रडवेला चेहरा लोकांनी बघावा असं तिने कोणाला सांगितलेलं नाही.

घरची आठवण दाबून ठेवू नकोस. तिकडे शनिवारी सुट्टी असते, तेव्हा ताईला निवांत फोन कर. रोज तासन् तास बोलत बसलीस तर तू ना इथली राहशील ना तिथली. डाळभात दोन्ही वेळेला मिळतो, पण आमटीची चव नाही म्हणतेस, म्हणून गोडा मसाला आणि मेतकूट पाठवतो आहोत. दिदीला विचारून एक दिवस सगळ्यांना आमटी कर. इकडचं सांगायचं तर पिरंगुटकडची भातं पिवळी पडू लागली आहेत, कापणी तोंडावर आली. पौड रस्त्यावर गाड्यांची रांग होती तशीच आहे. आजी रोज विचारते, सायलीकडे आता किती वाजले, आणि पंधरा मिनिटंच पुढे म्हटलं की तिला बरं वाटतं.

आज कोजागरी, म्हणजे दसैंही संपला. गावी गेलेली मुलं परतू लागली असतील. येणाऱ्या पोरांनी काय काय आणलं, कोण गप्प गप्प आहे, ते बघ. रात्री रडू येईल ते आता त्यांना. तिहारच्या, म्हणजे तिकडच्या दिवाळीच्या, भाईटिकेला आपली भाऊबीज. त्या दिवशी ओंकार सकाळी तुला फोन करील. त्याच्या आधी मला एवढं लिही: दिदीचं नाव काय, आणि छोटीचं कोण आहे.

तुझी
मावशी