आमच्या घरातली पहिलवान

नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या जिभेवर अजून नगरच) शाळकरी मुलांच्या खेळांचे हंगाम दोन. पहिला सरकारी. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की भर पावसाळ्यात तो लागतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, फोटो, जन्मतारखेचा दाखला, हेडमास्तरांचा सही-शिक्का. दुसरा हंगाम कोणी जाहीर करत नाही. माघ सरला, उन्हे तापू लागली, की तो आपोआप सुरू होतो. हा गावोगावच्या जत्रांचा हंगाम. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची मोठी यात्रा, आणि पुढे वैशाखापर्यंत आज या गावाचा भैरोबा, उद्या त्या गावची देवी. आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. नेमक्या ह्याच दिवसांत शाळांच्या परीक्षा असतात, हे आईबाईला वेगळे सांगायला नको.

इतकी वर्षे हगाम्याशी माझा संबंध एवढाच होता, की पुरुषमंडळी परत किती वाजता येणार आणि पुरण किती घालायचे. पण आता आमच्याच घरात पहिलवान आहे, आणि ती मुलगी आहे.

माझ्या धाकट्या दिरांची थोरली. दीर-जाऊ गावाकडे असतात, आम्ही श्रीगोंद्यात. नववीच्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे राहायला आली. त्याआधी वर्षभर ती एका निवासी तालमीत होती. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथे जे चालते ते काही एकट्या तिथेच चालत नाही.

आली तेव्हा पोरीचा अवतार बघून सासूबाई आधी तिच्या केसांवर घसरल्या. बॉयकट! "अगं, कमरेइतकी वेणी होती माझ्या बाईची, कुणाच्या नवसाला दिलीस?" पोर हसली. पण मला केसांपेक्षा वेगळेच दिसले. डोळ्यांखाली काळे, ओठ पांढुरके, आणि जिना चढून आली तर धाप. पहिलवानाला जिना चढून धाप लागते का हो? रात्री जेवायला बसली तर अर्ध्या भाकरीवर हात धुतला. म्हणाली, "काकू, सवय नाही राहिली."

दोन-तीन दिवसांनी हळूहळू बोलती झाली. सरकारी स्पर्धेत कुस्ती वजनगटात होते. तिच्या सतरा वर्षांखालच्या मुलींत ४९ नंतर ५३, मग ५७, मग ६१ किलो. हिचे वजन अंगासरशी पंचावन्न-छप्पन्न. म्हणजे दोन गटांच्या मधोमध. ५७ मध्ये खेळावे तर समोर अंगाने भरलेल्या पोरी. म्हणून तालमीतल्या वस्तादांनी ठरवले, ५३ मध्ये उतरायचे. मग काय, स्पर्धेआधी आठ दिवस भात-भाकरी बंद. शेवटच्या दोन दिवसांत पाणीही घोट-घोट. अंगात दोन स्वेटर आणि वरून रेनकोट घालून धावायचे, घाम काढायचा. काट्यावर उभे राहण्याआधी थुंकून थुंकून तोंड कोरडे करायचे. तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला, असे तीनदा केले. जिल्ह्याला पहिली आली, विभागाला पुण्याकडच्या मुलीकडून हरली. आणि त्यानंतर तीन महिने पाळी आली नाही. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. तालमीत तर एक मोठी मुलगी म्हणाली होती, "बरंच आहे की, कटकट गेली!"

मी दुसऱ्याच दिवशी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.४. ह्या वयाच्या मुलीला बारा तरी हवे. बाई रागावल्या नाहीत, पण जे समजावून सांगितले ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण धावणाऱ्या, खो-खो खेळणाऱ्या, नाचणाऱ्या मुलींनाही ते लागू आहे. वाढीच्या वयात मेहनत भरपूर आणि अन्न कमी असे झाले, की शरीर काटकसर करू लागते. आधी पाळी थांबवते. नंतर हाडांवर येते, हाडे ठिसूळ होतात आणि साध्या पडण्याने मोडतात. पाळी थांबणे हे मेहनतीचे लक्षण समजू नका, ते उपासमारीचे लक्षण आहे. आणि पाणी तोडून काट्यावरून उतरवलेले वजन हे चरबीचे नसतेच. ते नुसते पाणी असते, दोन जेवणांत परत येते. मग ह्यात कुस्तीचा फायदा तो काय?

तुम्हांला वाटेल, खेळणाऱ्या पोरींचे हे लाड. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे न खेळणाऱ्याही त्यातच आल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती "मळमळतं" म्हणून बऱ्याच जणी गुपचूप टाकून देतात. तुमची टाकते का, विचारून बघा.

तर माझ्या स्वयंपाकघराचा हंगाम सुरू झाला. पहिलवानाचा खुराक म्हणजे बदाम, खसखस, तूप, थंडाई, असे आमच्या दिरांच्या डोक्यात पक्के. बदाम किलोला आठशे-हजार रुपये! मी म्हटले, भाऊजी, बदाम तुम्ही आणा, बाकीचे मी बघते. सकाळी मेहनत करून आली की भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ. दोन्ही वेळा पोटभर भाकरी, मटकी किंवा हुलग्याचे कालवण, पालेभाजी लोखंडी कढईतली. दोन अंडी. ती सासूबाईंच्या नजरेआड, मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. (त्यांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. पण पद्धत ती पद्धत.) रात्री दूध आणि हळिवाचा एक लाडू. प्रत्येक जेवणात लिंबू पिळायचेच. लिंबाला आमच्या तालुक्यात काय तोटा! लिंबाने भाजी-भाकरीतले लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने वाया जाते. त्यामुळे चहा जेवणानंतर तासभर तरी बंद. ही शिक्षा तिच्यापेक्षा ह्यांनाच जास्त झाली. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दिल्या होत्याच.

कॅलेंडरवर मी तिच्या नावाने पेन्सिलीने फुली करू लागले. पौषात काही नाही. माघाच्या शेवटी फुली पडली. सासूबाईंनी न बोलता त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

त्याच सुमाराला, जानेवारी २०२५ मध्ये, वर्धा जिल्ह्यात महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आमच्याच तालुक्याच्या भाग्यश्री फंडने ती गदा जिंकली. आठवडाभरात नगरला वाडिया पार्कवर पुरुषांची महाराष्ट्र केसरी झाली. तिथे पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पण कुस्तीपेक्षा पंचांशी झालेल्या भांडणाचीच चर्चा जास्त. आमच्या पोरीला त्या भांडणाचे काही नव्हते. वर्तमानपत्रातला भाग्यश्रीचा फोटो कापून तिने गणिताच्या वहीला आतून चिकटवला. महिलांची ही स्पर्धा सुरूच मुळी २०२३ ला, सांगलीला झाली. ती पहिली गदा प्रतीक्षा बागडीने नेली. पोरींना फोटो कापायला आत्ता आत्ता मिळू लागलेत.

फाल्गुनात दीर आले आणि म्हणाले, "वहिनी, हगाम्याला नेतो तिला. अंग मोकळं होईल." परीक्षा तोंडावर होती. ह्यांनी नाही म्हटले. मी म्हटले, रविवारचे हगामे करू दे, पण डबा माझा. एका रविवारी मीही गेले. लग्नाला बावीस वर्षे झाली, पहिल्यांदाच हगामा पाहिला. बायका होत्या दहा-बाराच, एका बाजूला मंदिराच्या ओट्यावर.

हगाम्याची एक गंमत मला तिथे कळली. तिथे काटाच नसतो! सुरुवातीला रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या. मग पंच दोन गडी समोरासमोर उभे करतात, उंची बघतात, दंड बघतात, मनगटे बघतात, आणि "जोड बरोबर आहे" म्हणून हाताला हात लावून देतात. कोणी किती किलोचा, कोणी विचारत नाही. भोंग्यावरून इनाम पुकारला जातो, शंभर, पाचशे, हजार. आवडली कुस्ती तर बघणारा खिशातून काढून वर देतो.

मुली त्या दिवशी चौघीच. हिला जोड मिळेना. शेवटी पंचांनी एक मुलगा उभा केला, हिच्याच उंचीचा. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. माझ्या पोटात गोळा आला, खोटे कशाला बोलू? घरी सासूबाईंना काय सांगायचे, हाच पहिला विचार. दिरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "तिला विचारा." तिने लाल माती कपाळाला लावली होती आधीच. आठ-दहा मिनिटे चालली कुस्ती. त्याने दोनदा तिला खाली घेतले, ती दोनदा पालथी पडून राहिली, पाठ लावू दिली नाही. पंचांनी बरोबरीत सोडवली. तीनशे रुपये इनाम दोघांत वाटला. आल्या आल्या तिने डबा उघडला आणि चार भाकरींपैकी तीन संपवल्या. सासूबाईंना मी सगळे खरे सांगितले. त्यांनी फक्त विचारले, "पाठ लागली का?" "नाही." "मग झालं तर."

खरा प्रश्न जुलैत आला. दहावीचे वर्ष, स्पर्धेचा अर्ज आला आणि त्यात वजनगट लिहायचा होता. हिचे वजन ५६.४. वस्ताद घरी आले. चांगले गृहस्थ आहेत, पोरींसाठी झटतात, ह्यात शंका नाही. म्हणाले, "साडेतीन किलोचा तर प्रश्न. ५३ मध्ये हिला जिल्ह्यात जोड नाही. राज्याला गेली तर आयुष्य मार्गी लागेल." दीर मान खाली घालून ऐकत होते. त्यांचेही चूक नाही हो. कोरडवाहू चार एकर, दोन धाकटी लेकरे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर पदक असेल तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पोरगी पोलिसात लागली तर सगळे घर वर येईल. त्यांच्या डोळ्यांपुढे ते साडेतीन किलो म्हणजे एक नोकरी होती.

मी डॉक्टरीणबाईंचा कागद आणून समोर ठेवला. मग म्हटले, पॅरिस आठवतं का? ऑगस्ट २०२४. विनेश फोगाट. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेलेली बाई. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, तरी सकाळी ५० किलोच्या काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले आणि बाहेर काढली. तिच्यामागे डॉक्टर होते, आहार बघणारे होते. आमच्या मागे काय आहे? रेनकोट! आणि विनेश तीस वर्षांची होत आली होती, ही पंधराची आहे. अजून उंची वाढतेय हिची.

वस्ताद म्हणाले, "ताई, तुम्हांला कुस्तीतलं काय कळतं?" मी म्हटले, कुस्तीतले नाही कळत, पण पोरीने काल काय खाल्ले ते मला कळते.

ह्यांनी मध्ये पडून पोरीला हाक मारली. ती दारामागेच उभी होती. "मी सत्तावन्नमध्ये खेळते," एवढेच म्हणाली आणि आत गेली. दीर उठले, पोरीच्या मागे गेले. काय बोलणे झाले आम्हांला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी अर्जावर आकडा स्वतःच्या हाताने घातला.

तालुक्याला ती पहिली आली. जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरली, सहा-चार गुणांनी. समोरची मुलगी खरोखरच ताकदीची होती. वस्ताद घरापर्यंत सोडायला आले, पण वर आले नाहीत. खालूनच दिरांना म्हणाले, "त्रेपन्नमध्ये सोनं होतं." दीर काही बोलले नाहीत. मलाही वाईट वाटलेच. राज्याचे प्रमाणपत्र म्हणजे काय ते मलाही कळते, आणि ते ह्या वर्षी हुकले हे खरे आहे. पुढच्या वर्षी अकरावी, वय बघता अजून एक वर्ष ह्याच गटात मिळेल. वस्तादांनी दोन दिवसांनी निरोप पाठवला, पहाटे पाचला तालमीत पाठवा, हिचा पट काढणे कच्चे आहे.

त्या रात्री ती आजीजवळ झोपली. रक्त परत तपासले, ११.८ आहे. अजून दोन दशांश कमी. हळीव संपत आलेत, बाजारच्या यादीत लिहून ठेवलेत.